साहेबाच्या गालावरचा अंगठा

संग्रहालयात सगळ्यांनी तिचं नाव भिंगबाई पाडलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. जुन्या चित्रांचं कापड, रंग, वार्निश तपासणं हे तिचं काम. भिंग लावल्याशिवाय ती चहासुद्धा पीत नाही, असं शिपाई सांगायचा. सध्या तिच्या टेबलावर एक गोरा साहेब आडवा पडला होता. दीडशे वर्षांपूर्वी राज्य करायला आलेला, लाल कोटातला, नाकाने कांदे सोलणारा. चित्रही एका गोऱ्या चित्रकाराचंच, अशी जुन्या वहीत नोंद होती. भिंगबाईला ते पटत नव्हतं. बटणांवर इतक्या बारीक कुंचल्याने जीव ओतायची खोड इथल्या कारागिरांची.

"वाटून काय उपयोग? पुरावा आणा," संचालक म्हणाले. "शुक्रवारी संध्याकाळी प्रदर्शन उघडतंय. तोवर मिळाला तर नावाची पाटी बदलू, नाहीतर आहे तीच लागेल."

बुधवार आला तरी पुराव्याचा पत्ता नव्हता. रंगाखालचं दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढले, तर त्यात नुसत्या काळ्या, कडेने फिसकटलेल्या रेघा. 'कापडातला दोष' असं अहवालात लिहून ती फोटो घेऊन घरी आली.

बाबांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. त्यांनी फोटो पाहिला, मग अहवाल पाहिला, आणि इतके हसले की चष्मा नाकावरून घसरला.

"कापडातला दोष? अगं शहाणे, ही दोरी मारलीय! दोरी कोळशाच्या पुडीत घोळवायची, ताणायची, मधून उचलून सोडायची. सरळ रेघ तयार! बाजूची पुसट आहे ना, ती दोरी उसळून पुन्हा टेकली त्याची."

"आणि टोकाचा हा डाग?"

"अंगठा. मदतीला कोणी नसलं की दोरीचं एक टोक खिळ्याला, दुसरं अंगठ्याखाली. जन्मभर हेच केलं की मी!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! लहानपणी शंभरदा पाहिलेली दोरी तिला ओळखता आली नव्हती. तिला स्वतःचीच लाज वाटली आणि हसूही आवरेना.

गुरुवारी तिने त्या गोऱ्या चित्रकाराची खात्रीची तीन चित्रं तपासली. तिन्हींत पेन्सिलीच्या रेघा, दोरी कुठेच नाही. ती धावत संचालकांकडे गेली.

"दोरी मदतनिसाने मारली असेल," ते शांतपणे म्हणाले. "रंग त्या गोऱ्या चित्रकाराने भरले असतील."

तिला राग आला, कारण मुद्दा बिनतोड होता. परत येऊन तिने तो अंगठ्याचा ठसा मोठा करून पाहिला. मधून तिरपा वण गेलेला, कधीतरी चांगलाच कापलेला अंगठा. मग तिने भिंग घेतलं आणि साहेबाला डोक्यापासून बोट बोट तपासायला घेतलं.

शुक्रवारी सकाळी ती अशी ओरडली की शिपाई धावत आला. साहेबाच्या डाव्या गालावर, जिथे सावली गुलाबी रंगात मिसळते, तिथे कोणीतरी ओला रंग अंगठ्याने चोळून मऊ केला होता. त्या अंगठ्यावर तोच तिरपा वण होता. दोरी धरणारा आणि चेहरा रंगवणारा माणूस एकच! संचालकांनी पाच मिनिटं भिंगातून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "पाटी बदला."

संध्याकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. नवी पाटी सांगत होती : 'चित्रकार इथलाच कारागीर. नाव माहीत नाही.'

"एवढा मोठा साहेब, आणि आपल्या माणसाने त्याचा गाल चोळला!" बाबा खिदळले. मग त्यांनी पाटी पुन्हा वाचली, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली.

"काय झालं, बाबा? अक्षर वाकडं आहे का?"

"अक्षर ठीक आहे गं. चाळीस वर्षांत माझ्या पाटीपाशी थांबून 'ही कोणी रंगवली' असं एकानेही विचारलं नाही. तू त्याचं विचारलंस ना, मला माझंच विचारल्यासारखं वाटलं."

भिंगबाईने भर गर्दीत बाबांना मिठी मारली.