नवव्या प्रकरणातली आई

झुल्माबाईंच्या घरी दर बुधवारी दुपारी आम्ही सहाजण जमायचो, एकमेकांच्या कादंबऱ्यांची चिरफाड करायला. आमच्या मोंतेविदेओ शहरात ज्याला त्याला कादंबरी लिहायची असते आणि अशा शिकवण्या गल्लोगल्ली चालतात. बाईंच्या शिकवणीला एकच कायदा होता. येर्बाच्या पानांच्या कडू चहाचं एकच भांडं हातोहात फिरायचं आणि ज्याच्या हातात भांडं, त्यानंच बोलायचं. ज्याचं लिखाण वाचलं गेलं त्याच्याकडे भांडं सगळ्यांत शेवटी यायचं, तोवर त्यानं मुकाट ऐकायचं. "पण हे खरंच घडलंय हो" म्हणत कुणी मध्येच तोंड उघडलं, तर बाई त्याला पुढच्या बुधवारी दारातूनच परत पाठवायच्या.

दोन वर्षं मी तिथं बोलणी खाल्ली. माझ्या कादंबरीतली आई, तिचं नाव अंपारो, आपलं दुखणं मुलापासून लपवते. बाई म्हणायच्या, ही पुठ्ठ्याची आहे, फुंकर मारली तर आडवी होईल. दार्दो म्हणून एक निवृत्त बस-तपासनीस आमच्यात होता. तो म्हणाला, असली आई माझ्या बसमध्ये चढली असती तर मी तिला तिकीटही विचारलं नसतं, ती माणसांत मोडतच नाही. सगळे हसले. मीही हसलो, पण घरी जाऊन जेवलो नाही.

शेवटी एप्रिलमध्ये बाईंनी मला फैलावर घेतलं.

"ती दुःखी आहे, ती दुःखी आहे, किती वेळा सांगशील रे फाब्रिसिओ? घरात आई आहे ना तुझ्या? तिचे हात बघ. खिशात वही ठेव आणि बघ."

वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी माझ्या आईकडे पहिल्यांदा नीट बघायला लागलो. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहतो, म्हणजे बघायची सोय भरपूर होती. लोकरीचा घागरा कमरेला सैल होतो म्हणून ती सेफ्टी पिन लावायची. महिन्याभरात ती पिन दोन बोटं आत सरकली. बोटातली अंगठी गळून पडू नये म्हणून तिनं तिला आतून दोरा गुंडाळला. ताटात काय उरलं ते दिसू नये म्हणून ती उभ्यानंच जेवायची आणि मटणाचा तुकडा हळूच मांजरीला द्यायची. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर बसकण मारायची. कुणी आलं की बुटाची नाडी बांधतेय असं दाखवायची, आणि बुटाला नाडी नसायची.

काय आनंद झाला मला! नाडी नसलेला बूट असा आयता सापडत नाही. सगळं वहीत टिपलं आणि नवव्या प्रकरणात अंपारोला देऊन टाकलं. मुलगा मात्र मी छान रंगवला. त्याला सगळं कळलेलं असतं, पण आईला सांगायचं नाही म्हणून तोही गप्प राहतो. फक्त जिन्यात दुसऱ्या मजल्यावर एक खुर्ची आणून ठेवतो. सप्टेंबरमध्ये मी ते वाचलं तेव्हा दार्दोनं डोळे पुसले. बाई म्हणाल्या, आता ही श्वास घेते. मी हवेत तरंगतच घरी आलो.

नोव्हेंबरच्या शेवटच्या बुधवारी आम्ही घरच्यांना बोलावतो. आई कधीच आली नव्हती. या वेळी स्वतःहून म्हणाली, येते, आणि पालक-अंडं भरून भाजलेली पास्क्वालिना करून घेऊन आली. आपलीच पिन, आपलाच दोरा चारचौघांत ऐकून तिला काय वाटेल? मुलगा घरात बसून हेरगिरी करतो असंच वाटेल, आणि ते खरंच होतं. मी मुद्दाम चौथं प्रकरण नेलं होतं. बाईंनी ते बाजूला सारलं, कपाटातून नवव्याची प्रत काढून माझ्या पुढ्यात ठेवली. मान वर न करता मी ते शेवटपर्यंत वाचलं.

भांडं फिरू लागलं. पाहुणे सहसा आभार मानून ते पुढे देतात. आईनं ते दोन्ही हातांत धरून ठेवलं.

"मला लिहिण्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "पण हे मी आधीच वाचलंय बाळा. ऑगस्टमध्ये, तुझ्या टेबलावर. मे महिन्यात डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, पोटात आहे आणि आता कापून उपयोग नाही. तुला कसं सांगू कळेना. मग हे वाचलं. म्हटलं, याला सगळं ठाऊक आहे, मला जड जाऊ नये म्हणून बोलत नाही. त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी मला झोप लागली."

मे महिना. म्हणजे मी पिन टिपत होतो तेव्हा, नाडीवर खूश होत होतो तेव्हा.

"खुर्ची अजून आणली नाहीस," ती हसून म्हणाली. "शेजारी विचारतील म्हणून नसेल आणली. तुला कधी कळलं रे? कशावरून?"

तिनं भांडं थेट माझ्या हातात दिलं. आता बोलायची पाळी माझीच होती. खोटं रचणं हाच माझा दोन वर्षांचा अभ्यास. एक तारीख रचायची होती फक्त, आई खुशीनं घरी गेली असती. ती तारीख मला जमली नाही.

"आई, मला काहीच माहीत नव्हतं. मी ते मनानं रचलं."

तिला कळेना.

"मग ती पिन?"

"बघितली होती."

"आणि जिन्यातलं?"

"तेही बघितलं होतं."

"बघितलंस," ती हळू म्हणाली, "आणि लिहून घेतलंस."