बिनमाणसांची मॅच

“ह्ये बूट लई चावत्यात,” बंदेनवाज चाचा बसल्या बसल्या पुटपुटले. “चपलेचं सुख न्हाय ह्यात.”

त्यांच्या बायकोनं, खातूनबींनी, ऐकलं न ऐकलंसं केलं. मीही. आमच्या क्लबात चप्पल हा शब्दच कुणी काढत नाही हल्ली, आणि चाचांनीच तो असा टाकल्यावर आम्ही दोघी एकदम गोलपोस्टकडे बघायला लागलो. तिकडे काहीसुद्धा चाललेलं नव्हतं.

रविवारची सकाळ, नऊ वाजताच डोकं तापवणारं सोलापूरचं ऊन. मोडनिंबचा संघ समोर, आमचा आदिनाथ कप्तान, आणि एवढ्या मोठ्या पायऱ्यांवर आम्ही तिघं. फाटकाला आतून कडी, बाहेर हवालदार. चाचा अध्यक्ष म्हणून आत होते, खातूनबी पाणी द्यायला म्हणून आणि मी प्रथमोपचाराला म्हणून. प्रथमोपचारातली मला हळद तेवढी येते. पण माझे यजमान, आमचे मालक शहाजी, क्लबाचे सेक्रेटरी, तेव्हा माझी सोय झाली. ते स्वतः खाली रेषेपाशी होते.

मागच्या मॅचला पंचानं आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली आणि गर्दीतून एक चप्पल आली. लाइनमनच्या भुवईवर बसली, टाके पडले. जिल्हा संघटनेनं सांगितलं, ज्यानं मारली त्याचं नाव द्या, त्याला एकट्याला मैदान बंद करतो. नाव देत नसाल तर हंगाम संपेपर्यंत प्रेक्षक बंद.

नाव सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी चाचा एका पायात चप्पल घालून घरी गेले. आमच्या मालकांनीच स्कूटरवर सोडलं आणि वाटेत कांद्याच्या भावाबद्दल बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी खातूनबींनी नवे बूट आणले.

पण बोलणार कोण? हा क्लब चाचांनी ट्रक चालवून उभा केला. आता ट्रक विकला, पोरं परगावी गेली. संध्याकाळी इथं येऊन खेळाडूंवर ओरडायचं, एवढंच त्यांच्या दिवसात उरलंय. तेही काढून घेतलं तर हा माणूस घरात भिंतीकडे तोंड करून... पुढचं आम्ही कुणी बोलत नव्हतो. संघटनेचे गुरुबसप्पा विचारायला आले तेव्हा आमचे मालक म्हणाले, गर्दीत दिसलं नाही. मग सगळ्यांनाच दिसलं नाही. चाचांचे ओठ हललेले मी बघितले होते. पण तोवर सेक्रेटरी खोटं बोलून बसलेला. आता आपण खरं सांगायचं म्हणजे त्याला चारचौघांत खोटं पाडायचं, असं चाचांना वाटलं असणार. ते गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्यावर मग साय धरत गेली.

न बघायची सवय आम्हाला चाचांनीच लावलेली. अर्ध्या वेळेला चार खेळाडू सोलापुरी चादरीची चार टोकं धरून पायऱ्यांपुढून फिरतात. ज्याला जे जमेल ते त्यानं टाकायचं. धरणाऱ्यांनी मात्र वर आभाळाकडे बघायचं, कुणाच्या मुठीतून काय पडलं ते बघायचं नाही, हा दंडक. त्यामुळे विडी वळणारी बाईही टाकते आणि दुकानदारही टाकतो, कुणी लाजत नाही. पंचांचं मानधन, बॉल, मोडनिंब-केमला जायची जीपगाडी, मैदानाचं भाडं, सगळं त्या चादरीतून निघतं. प्रेक्षक बंद म्हटल्यावर चादर बंद. टॉवेलवाल्या शेठनं कुंपणावरचा आपला फलक काढून नेला. वाचायला माणूस नाही तर काय कावळ्यांना टॉवेल विकू का, म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. खर्च मात्र कमी झाला नाही. रिकामं मैदान भरलेल्याएवढंच खातं.

आधीच थकलेलं भाडं आता यायचं नाही हे दिसल्यावर जागावाल्यांनी लग्नाच्या लॉनवाल्याशी बोलणं सुरू केलं. तो लॉनवालाही आज आला होता. गोलच्या मागं पावलं टाकून मांडव कुठवर येईल ते मोजत होता. हवालदारानं त्याला आत सोडलं. तो प्रेक्षक नव्हता ना.

अर्ध्या वेळेची शिट्टी झाली. आदिनाथ आणि तिघंजण सवयीनं पायऱ्यांपाशी आले, चौकोन करून उभे राहिले, माना वर. मग हातात काहीच नाही हे त्यांच्या लक्षात आलं. एकमेकांकडे न बघता ते पाणी प्यायला गेले. खातूनबींनी पेले भरले, त्यातले दोन सांडले.

माझं मॅचमध्ये लक्ष नव्हतं. सकाळी चहा पिताना मालक म्हणाले होते, आज मी माझं नाव देतो. चप्पल माझी होती एवढंच म्हणायचं. लोक येतील, चादर फिरेल, चाचाही राहतील. मी विचारलं, आणि त्या लाइनमननं पोलिसांत तक्रार दिली तर? चिंचोळीच्या ज्या कारखान्यात ते सुपरवायझर आहेत, तिथं तक्रार लागलेल्या माणसाला ठेवत नाहीत. मागं एकाला दिवाळीच्या तोंडावर घरी बसवलेलं. मालक म्हणाले, बघू. त्यांचं बघू म्हणजे ठरलेलं असतं, एवढा संसार केलाय मी त्यांच्याबरोबर.

दुसरा हाफ सुरू झाला आणि चाचा लंगडत रेषेपर्यंत गेले, पोरांवर ओरडायला. एरवी लोकांच्या गलक्यात त्यांचं ओरडणं बुडून जायचं. आज ते भिंतीवर आपटून परत येत होतं, आणि एका हाकेनंतर तेच दचकून थांबले.

मी खातूनबींच्या जवळ सरकले.

“चाची, आमचे मालक आज स्वतःचं नाव सांगणार हायेत.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पेले एकात एक घालत राहिल्या. मला वाटलं, आपण हे सांगायला नको होतं. मग वाटलं, नाही तर कुणाला सांगायचं.  

आदिनाथनं गोल केला तेव्हा जाळी हललेली ऐकू आली. त्यानं हात वर केले, रिकाम्या पायऱ्यांकडे बघितलं आणि खाली घेतले. आम्ही जिंकलो, असं पंचांनी सांगितलं.

मॅच संपली तसे मालक पायऱ्यांपाशी आले, आणि गुरुबसप्पा मैदानातून सरळ आमच्याकडे. बरोबर तोच लाइनमन, भुवईवर अजून पट्टी. वाईट माणूस नाही हो तो, मागच्या वर्षी माझ्या हातची भजी खाऊन गेलेला.

“शहाजी, आज शेवटचं इचारतो,” गुरुबसप्पा म्हणाले. “दुपारी बैठक हाय. नाव दिलंसा तर पुढच्या रविवारी फाटक उघडतो. न्हाय तर मलाबी काय करता यायचं न्हाय की.”

लॉनवाला मोजायचं थांबवून इकडेच बघत होता. आदिनाथ आणि पोरं बुटांच्या नाड्यांशी उगाच खेळत उभी. चाचा पायरीवर बसून टाच चोळत होते, मान खाली. मालकांनी रुमालानं तोंड पुसलं, घडी घालून खिशात ठेवला. मी त्यांच्या शर्टाची बाही धरली. त्यांनी हळूच सोडवून घेतली.

“गुरुबसप्पा अण्णा, ती चप्पल...”

“थांबा भाऊ.”

खातूनबी उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढला. चाचांनी मान वर केली, पण खातूनबींनी तिकडे बघितलं नाही, गुरुबसप्पांकडेच बघत राहिल्या.

“ह्या भाऊचं नाव लावू नगा,” त्या म्हणाल्या. “चप्पल ह्यांनी मारली. बंदेनवाजनं. मी बाजूलाच हुते.”