निळ्या दोरीचं हेल्मेट

मुकादम मला ‘भाऊ’ म्हणाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. अकरा वर्षांत त्यानं मला ‘ए गवंडी’ सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

मी मागच्या इमारतीत जिन्याच्या भिंतीला गिलावा करत होतो. समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर माझी बायको आणि तिची धाकटी बहीण घमेल्यांनी माल वाहत होत्या. साडेअकराच्या सुमाराला मिक्सर थांबला. मिक्सर थांबला की एरवी माणसं ओरडतात, शिव्या देतात, कुणीतरी हसतं. त्या दिवशी कुणीच ओरडलं नाही. मग मुकादम स्वतः जिना चढून आला, धापा टाकत.

“भाऊ, जरा खाली चल. थापी राहू दे.”

“काय झालं?”

“चल तर.”

त्यानं मला पत्र्याच्या ऑफिसात नेलं आणि साहेबाच्या खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. चहा मागवला. मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा “साहेब येतायत” एवढंच म्हणाला. वीस मिनिटं मी त्या खुर्चीत होतो. चहा संपल्यावर त्यानं सांगितलं की माझी बायको चौथ्या मजल्यावरून पडली, आणि ती गेली.

ती वाळूच्या ढिगाशेजारी होती. अंगावर ताडपत्री टाकली होती, तोंड उघडं होतं. डोक्यात पिवळं हेल्मेट होतं, हनुवटीखाली बांधलेलं. शेजारी मेहुणी जमिनीवर बसली होती, हात मातीनं भरलेले. रडू यायच्या आधी माझ्या मनात जे आलं ते सांगायची लाज वाटते. मनात आलं, हिनं हेल्मेट कधी घातलं?

डोक्यावर घमेलं वाहणारी बाई हेल्मेट घालूच शकत नाही. हेल्मेट गुळगुळीत असतं, त्यावर घमेलं ठरत नाही. त्याला कापडाची चुंबळ लागते. बायका फाटकातून आत येताना हेल्मेट घालायच्या, कारण मुकादम रोज तिथं उभा राहून ओरडायचा, “टोपी नाही, तर मेल्यावर मंडळाकडून दमडी नाही!” मंडळ म्हणजे बांधकाम कामगारांसाठी असलेलं कल्याण मंडळ. आम्हा तिघांची तिथं नोंदणी होती. आत आल्या की बायका हेल्मेट सळईला अडकवायच्या आणि चुंबळ घ्यायच्या. हे मुकादमाला माहीत होतं, साहेबाला माहीत होतं, फाटकावरच्या कुत्र्यालाही माहीत होतं.

माझ्या बायकोला सगळे ‘घड्याळ’ म्हणत. तिच्या हातात घड्याळ कधी नव्हतं, पण जेवणाची सुट्टी झाली की ती बरोबर मिनिटाला घमेलं खाली ठेवायची. मुकादम चिडायचा. “तुझ्या पोटात काटे आहेत का गं?” ती म्हणायची, “आहेत. तुमचे मागं चालतात, दुरुस्त करून घ्या.” नोंदणीची कार्डं दरवर्षी तीच नवीन करून आणायची. मी म्हणायचो, कशाला ती उठाठेव, एक दिवसाचं काम बुडतं. तिनं ऐकलं नाही.

पुढचं सगळं मुकादमानं उरकलं. गाडी त्यानं आणली, माणसं त्यानं जमवली, दवाखान्यात कागदांच्या मागं तोच धावला. सख्खा भाऊ एवढा राबणार नाही. मला त्याचीच भीती वाटू लागली. फुकट कुणाला विडी न देणारा माणूस एकाएकी एवढा प्रेमळ होतो, तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं.

आठव्या दिवशी ते काय ते कळलं. तो एक कागद घेऊन घरी आला.

“इथं सही कर. मंडळात द्यायचाय.”

“वाचतो आधी.”

“वाचायचं काय त्यात? तुझ्या भल्याचंच आहे.”

मला वाचता येतं, पण एकेक अक्षर लावून. तो पाय हलवत बसला. कागदात लिहिलं होतं की कामगार स्त्रीला सुरक्षेची सगळी साधनं दिली होती आणि अपघाताच्या वेळी तिनं हेल्मेट घातलेलं होतं. मजल्याच्या कडेला कठडा होता. माल ओढून घेण्यासाठी तिनं तो स्वतः काढला.

“कठडा कुठं होता?” मी विचारलं.

“होता की.”

“मी सोमवारी तिथंच वीट लावली. दोरीसुद्धा नव्हती.”

“मंगळवारी लावला असेल.”

“ती मंगळवारीच पडली.”

तो उठला. “बघ बुवा, गवंडी. तुझी मर्जी.” तेव्हा मी पुन्हा गवंडी झालो. सही मी केली नाही, आणि कागदही माझ्याजवळच ठेवला.

त्यानंतर मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. कामावर मी गेलो की बोलणं थांबायचं. सुतार माझ्याकडं बघून उगाच खिळे मोजायचा. ज्यांच्याबरोबर दहा वर्षं एका डब्यातून जेवलो त्यांना मी विचारलं, तिच्या डोक्यात हेल्मेट कुणी घातलं? सगळ्यांनी कानावर हात ठेवले. एकजण म्हणाला, “ती घालायची की.” मी त्याच्याकडं बघत राहिलो, तेव्हा म्हणाला, “कधीकधी.”

आणि मेहुणी. ती आणि सासूबाई आमच्याच खोलीत राहतात, आधीपासून. पुढच्याच आठवड्यात मुकादमानं तिला माल वाहण्यावरून काढून स्लॅबवर पाणी मारायला लावलं. हातात पाइप धरून उभं राहायचं, एवढंच काम. त्यासाठी बायका एकमेकींशी भांडतात. कुणी सहज देत नाही. शिवाय ती माझ्या डोळ्याला डोळा भिडवीना. ताट ठेवायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. मी मनाला सांगितलं, तिची बहीण गेली आहे, तिला त्रास देऊ नको. पण मन ऐकेना.

कामगार कार्यालयात मी मुकादमाचा कागद घेऊन गेलो. तपासणी अधिकारी एक बाई होत्या, चष्मा कपाळावर ठेवून शोधणाऱ्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही.

“मॅडम, हेल्मेट नव्हतं असं मी म्हटलं तर भरपाई बुडेल का?”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“मुकादम रोज सांगायचा. फाटकावर.”

त्यांनी चष्मा खाली घेतला. “ऐका. कामावर कामगाराचा मृत्यू झाला, तर भरपाई द्यावीच लागते. हेल्मेट असो, नसो. चूक तिची असली तरी. तुमच्या बायकोची नोंदणीही चालू आहे, मंडळाकडूनही मिळेल. त्याची काळजी करू नका.”

मी मुकादमाचा कागद त्यांच्यापुढं ठेवला.

“माझ्यापुढचा प्रश्न वेगळा आहे,” त्या म्हणाल्या. “कठडा होता की नव्हता. नसेल, तर ठेकेदारावर खटला होतो आणि काम बंद पाडता येतं. तो म्हणतो, सगळी साधनं दिली होती, हे बघा, बाईच्या डोक्यात हेल्मेट आहे. म्हणजे आम्ही नियम पाळतो, तिनंच कठडा काढला. कठड्याचा फोटोही जोडलाय त्यानं, पण तो दुपारी दोनचा आहे. हेल्मेट नंतर घातलं असं कुणी डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, तर त्याचा बाकीचा कागदही उभा राहत नाही.”

मग त्यांनी तिचा फोटो पुढं केला. “बघवेल का? हे हेल्मेट ओळखीचं आहे का, एवढंच सांगा.”

त्या दिवशी मी नीट पाहिलं नव्हतं. फोटोत जवळून दिसत होतं. हेल्मेटला मूळची पट्टी नव्हती. तिच्या जागी निळ्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा होता, दोन्हीकडं गाठ मारलेला. बायकांना मुकादम धड हेल्मेट कधी देत नसे. ही दोरी मीच बांधून दिली होती, गेल्या वर्षी. मेहुणीच्या हेल्मेटला.

“सांगतो,” मी म्हणालो. “जरा विचार करून सांगतो.”

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं, की हिला विकत घेतलं. पाण्याच्या पाइपावर विकली गेली. साइटला अमावस्येची सुट्टी होती. ती दारात कपडे धूत होती आणि सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या.

“तुझं हेल्मेट कुठाय?” मी विचारलं.

तिचे हात थांबले.

“काय झालं, भाऊजी?”

“तेच विचारतोय. तुझं हेल्मेट ताईच्या डोक्यात कसं गेलं?”

“आल्या आल्या काय हे,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, तुम्ही थांबा. मुकादमानं सांगितलं ना तुला? काय देतो म्हणाला?”

मेहुणी उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. “कुणी नाही सांगितलं. मीच घातलं.”

“का?”

“ती पडली. मी जिन्यानं खाली आले. वरून येताना सळईवर माझं हेल्मेट दिसलं, ते उचललं. रोज ऐकत होते ना, टोपी नाही तर काही नाही. मला वाटलं, हिनं एवढी वर्षं कार्ड सांभाळलं आणि ते एका टोपीपायी फुकट जायचं. तुम्हाला काही मिळायचं नाही. म्हणून घातलं. दोरी बांधली.”

“मुकादम कुठं होता?”

“मागं उभा होता. बघत होता. काही बोलला नाही. दुसऱ्या आठवड्यात मला म्हणाला, ताई, पाणी मारशील का? तेवढंच. मीही काही बोलले नाही.”

मला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. तरी विचारला.

“तू घातलंस तेव्हा तिच्यात जीव होता का?”

नळाचं पाणी बादलीतून वर येऊन वाहू लागलं. सासूबाईंनी उठून नळ बंद केला.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “गाठ बसत नव्हती. मी गाठीकडं बघत होते.”

मी तिला सांगितलं की हेल्मेट नसतं तरी भरपाई मिळालीच असती. कायदा तसा आहे. हे सांगायची काही गरज नव्हती. मी रागानं सांगितलं, तिला लागावं म्हणून. ती खाली बसली आणि धुतलेलेच कपडे परत धुवायला लागली.

संध्याकाळी मी शांतपणे बोललो. म्हटलं, हेच मॅडमपुढं सांग. तुझ्या एका बोलण्यावर ठेकेदाराचा कागद खोटा पडतो. चौथ्या मजल्यावर अजून बायका चढतात.

सासूबाई मध्ये पडल्या. “एक गेली. आता दुसरीला साहेबांपुढं उभी करता? पुरावा बदलला म्हणून हिलाच आत टाकलं तर? काम तर जाणारच. मग खायचं काय आम्ही, तुमचा कायदा?”

“मी आहे ना, आई.”

“तुम्ही वर होतात का त्या दिवशी?” त्या म्हणाल्या. “तुमचं कामही बंद करतील. आणि खरं सांगू? बायको गेलेला जावई किती दिवस आपला राहतो, हे मी पाहिलंय.”

एवढ्या वर्षांत त्यांनी मला असं कधी तोडलं नव्हतं. तेव्हा समजलं की संशय मला एकट्यालाच येत नव्हता. त्या घरात तिघंही एकमेकांच्या हातांकडं बघत जगत होतो.

मेहुणी म्हणाली, “मी येईन.”

मॅडमनी तारीख दिली. मी विचारून घेतलं होतं, खरं सांगणाऱ्याला आत टाकतात का. त्या म्हणाल्या, “तिनं फायद्यासाठी केलेलं नाही, तसंच मी लिहीन. पण पुढं कोण काय करील, याची हमी मी देत नाही.” मला ते उत्तर आवडलं, कारण त्यात साखर नव्हती. मेहुणीलाही मी ते तसंच सांगितलं.

त्या दिवशी आम्ही दोघं गेलो. कार्यालयाचा जिना चढून ती वरपर्यंत बरोबर आली. वर गेलो तर मॅडमच्या दाराबाहेरच्या बाकावर मुकादम बसला होता. धुतलेला सदरा, हातात फाइल. ठेकेदाराच्या बाजूनं तोच आला होता. आम्हाला पाहून तो बाकावर सरकला आणि जागा करून दिली.

“या, ताई, बसा,” तो म्हणाला. “पाण्याचा पाइप आज कुणाकडं देऊन आलात?”

तो धमकी देत होता की नुसतं विचारत होता, मी सांगू शकत नाही. हसत होता. मेहुणी बसली नाही. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि जिना उतरून गेली. मी मागं धावलो नाही. धावायला हवं होतं की नको, तेही मला ठरवता येत नाही.

मी आत गेलो. माझा जबाब दिला. चुंबळीचं सांगितलं, सोमवारी कठडा नव्हता हे सांगितलं. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, “हेल्मेट कुणाचं, ओळखलंत?”

“ओळखलं.”

“कुणाचं?”

“ज्याचं आहे तोच सांगेल,” मी म्हणालो. “माझ्या तोंडून लिहू नका.”

“तुम्ही पाहिलेलं नाही, त्यामुळं तुमचं तोंड तसंही उपयोगाचं नाही,” त्या म्हणाल्या. त्यांनी पान उलटून दुसरी तारीख लिहिली.

भरपाईचा अर्ज लागला आहे. मुकादम हल्ली मला कुठल्याच नावानं हाक मारत नाही. मेहुणी अजून पाणीच मारते. दुसरी तारीख गेली, तिसरी मिळाली आहे. ती येईन म्हणते. मी तिला आग्रह करत नाही, आणि तिच्यावर विश्वासही ठेवत नाही. तिचा जबाब अजून झालेला नाही.