योजना रविवारपर्यंतच

माझे सासरे भास्करराव यांनी साताऱ्याच्या शाळेत उभा जन्म भूगोल शिकवला. सूचिपर्णी अरण्यं त्यांनी फळ्यावर कितीदा काढली असतील, पण प्रत्यक्षात एकही पाहिलं नव्हतं. आणि जर्मनीत न्युरेम्बर्गला आमच्याकडे दोन महिने राहूनही पाहायला तयार नव्हते. कुठेही चला म्हटलं की, "तिकीट किती?" आकडा सांगितला की त्याचे रुपये करायचे आणि म्हणायचं, "तुम्ही या जाऊन, मी घर सांभाळतो." घर काय पळून जाणार होतं?

पुढच्या आठवड्यात ते परत निघणार होते. हा माणूस जंगल न बघता गेला असता, तर मला कायमची चुटपुट लागली असती. म्हणून मी सरळ थाप मारली.

"बाबा, सरकारची योजना आलीय. वसंत सप्ताह. सगळी नॅशनल पार्क्स फुकट. फक्त रविवारपर्यंत."

खरं तर इथल्या राष्ट्रीय उद्यानांना बारा महिने तिकीट नसतं. पण कायम फुकट असलेल्या गोष्टीवर आपल्या माणसांचा विश्वास बसत नाही. मुदत घातली की लगेच बसतो. माझा नवरा सिद्धेश मान खाली घालून चहा पीत राहिला.

बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, "मग जायला हवं."

शनिवारी ते सगळ्यांच्या आधी तयार होऊन पासपोर्ट पिशवीत घालून दाराशी उभे. योजना म्हटली की ओळखपत्र आलंच. बायरिशर वाल्ड या राष्ट्रीय उद्यानात पोचल्यावर पार्किंगचे पैसे सिद्धेशने त्यांची पाठ वळल्यावर मशीनमध्ये टाकले.

आणि मग ते जंगल. मे महिना होता. बीचच्या झाडांना कोवळी पालवी फुटली होती आणि तिच्यामागे सूचिपर्णी स्प्रूसचे काळपट हिरवे सुळके सरळ आभाळात गेले होते. बाबांनी एका खोडाला हात लावला तो काढीचनात.

"फांद्या बघ कशा उतरत्या आहेत. बर्फ घसरून पडतो. हे मी शिकवायचो, आणि ते खरं निघालं," ते म्हणाले. इतका आनंदलेला मास्तर मी कधी पाहिला नव्हता.

उन्मळून पडलेली झाडं इथे कुणी उचलत नाही. तशाच एका कुजक्या ओंडक्यावर बोटभर उंचीची रोपं रांगेत उगवली होती. बाबा प्रत्येक झाडापाशी थांबत होते. मास्तरकीची सवयच ती, असं म्हणून मी सोडून दिलं.

वाटेत उद्यानाच्या एक रेंजरबाई भेटल्या. बाबांनी शुद्ध शालेय इंग्रजीत विचारलं, की रविवारनंतर तिकीट किती असतं? बाई गोंधळल्या. तिकीट कधीच नसतं, गेटही नाही, कोणीही केव्हाही यावं, असं सांगून त्या हसत पुढे गेल्या. सिद्धेशला एकदम फोटो काढायची आठवण झाली आणि तो लांब सटकला.

बाबा बाकावर बसले. माझं तोंड एवढंसं झालं.

"योजना तुझीच का?"

"हो. तुम्ही पैशामुळे येत नव्हता ना."

"पैशाचं निमित्त होतं गं. पेन्शन मिळते मला." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "चढ आला की हा साथ देत नाही. सिद्धेशच्या लहानपणी मी पुढे असायचो आणि तो मागून पळत यायचा. आता तुम्ही माझ्यासाठी थांबत बसणार, ते नको वाटायचं. तू फुकट म्हणालीस आणि माझ्याकडे सबबच उरली नाही."

दोन महिने मी त्यांना मनातल्या मनात चिक्कू म्हणत होते.

त्यांनी झाडांकडे बघितलं. "गेट नाही, म्हणजे बंद व्हायची वेळही नाही ना?"

"नाही बाबा."

"मग मला जरा धर," ते म्हणाले. "सावकाश जाऊ."