मीठ पिकायला लागणारा वेळ

गुरुवारी सकाळी प्राचीचं मीठ यायचं थांबलं.

एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून ती पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिली. एरवी तेवढ्या वेळात तिच्या प्रत्येक वाफ्यातून दोनदा मीठ निघायचं. आज कणी दिसेना. मग तिने 'नवखंड' या खेळाचं रात्रीत आलेलं अपडेट उघडलं आणि त्यातली बदलांची यादी इंग्रजीतून मराठीत करत मोठ्याने वाचायला लागली. समोर तिचा नवरा विनीत पोहे खात होता.

"मिठागर. उत्पादन दर दोन मिनिटांऐवजी दर चाळीस मिनिटांनी. पाऊस पडल्यास वाफ्यातलं मीठ विरघळेल." चहाचा एक घोट घेऊन तिने पुढचं वाचलं. "मिठामुळे खेळाचा समतोल बिघडल्याची तक्रार अनेक खेळाडूंनी केली होती. अकरा मुद्द्यांचा तपशीलवार अहवाल पाठवल्याबद्दल लिफ्टवाला चौऐंशी यांचे विशेष आभार."

विनीतने पोह्यातली मिरची बाजूला काढून ठेवली.

तो लिफ्टच्या तपासणीचं काम करायचा आणि त्याचा जन्म चौऐंशी सालचा होता. प्राचीने कप विसळला, डबा पिशवीत टाकला आणि ती लॅबला निघून गेली. दार तिने नेहमीइतक्याच जोरात लावलं. विनीतला ते जास्त लागलं.

'नवखंड'मध्ये जिंकणं-हरणं असं काही नसतं. एक बेट मिळतं, हातात कुऱ्हाड मिळते, पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. खेळ बनवणारी अकरा माणसं युरोपातल्या कुठल्याशा गावात बसतात. त्यांचा खेळ कळव्यापासून आंबिवलीपर्यंतची दहा माणसं एका सर्व्हरवर रोज खेळतात, याची त्यांना कल्पना असायचं कारण नव्हतं. आंबिवलीची दर्शना शेळ्या पाळायची. डोंबिवलीच्या ऋतुराजने आठ महिने खपून एक पूल बांधला होता, तो कुठेही जात नव्हता. प्राचीने बेटाच्या दक्षिणेला मिठागर घातलं होतं. मासे टिकवायचे तर मीठ लागतं, मटण टिकवायचं तर मीठ लागतं, त्यामुळे उरलेले नऊ जण सकाळ-संध्याकाळ तिच्या धक्क्यावर होड्या लावून उभे असायचे.

विनीत मासे धुरावून टिकवायचा. त्यासाठी आधी लाकूड तोडावं लागे, ते वाळवावं लागे, भट्टीत विस्तव धरून ठेवावा लागे. एवढं करून नऊ महिन्यांत त्याचा एक धुरावलेला बांगडा गेला होता, तोही दर्शनाने चुकून उचललेला. तेव्हा त्याने खेळाच्या अभिप्राय विभागात अहवाल लिहिला. अहवाल लिहिणं हे त्याचं रोजचं काम होतं, त्यामुळे तो चांगला उतरला. 'प्रत्यक्ष पाहणीत असे आढळून आले की' अशा थाटाची सुरुवात होती आणि सगळं इंग्रजी होतं. खेळाच्या भल्यासाठीच आपण हे लिहितोय, असं त्याला तेव्हा मनापासून वाटलं होतं. बायकोचं नाव त्याने कुठेही घेतलं नव्हतं. 'सर्व्हरवरील एक खेळाडू' एवढंच म्हटलं होतं.

दुपारी ऋतुराजचा फोन आला. "काय केलंस रे हे? पब्लिक पेटलंय तिकडे."

पब्लिक पेटलं होतं हे खरं. अभिप्राय विभागात संध्याकाळपर्यंत चौदाशे मतं पडली. एकाने लिहिलं होतं की मिठाचा वेग असा कमी करणं म्हणजे गरिबांच्या पोटावर पाय. त्याच्या बेटावर सात किल्ले होते. दुसऱ्याच्या मते चाळीस मिनिटंही कमी होती, मीठ खेळातून काढूनच टाकायला हवं. कोणी लिहिलं की मी हा खेळ अजून घेतलेला नाही, पण या बदलाला माझा ठाम विरोध आहे. या मताला सहाशे लोकांनी पसंती दिली. लिफ्टवाला चौऐंशी हा स्टुडिओचाच माणूस आहे, असं साधारण निम्म्या लोकांचं म्हणणं पडलं. उरलेल्यांनी त्याला जे काही म्हटलं ते विनीतने दोनदा वाचलं.

प्राची भांडली नाही. गॅस संपत आलाय, लाइटबिल आलंय, शनिवारी पाणी नाही, असं सगळं ती वेळच्या वेळी सांगत होती. त्यापलीकडे एक शब्द नाही. शुक्रवारी डाळीतलं मीठ अगदी बेताचं होतं. विनीत कमी-जास्तची तयारी ठेवूनच जेवायला बसला होता.

तिकडे त्याच्या भट्टीपुढे मात्र रांग लागली. शनिवारी सात होड्या उभ्या होत्या. दोन दिवस त्याला बरं वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याने दुसरी भट्टी घातली. मग त्याच्या लक्षात आलं की आठव्या होडीत प्राची आहे. ती मासे घ्यायला आली होती, कारण तिच्याकडचे नासले होते. तिने दोन बांगडे घेतले आणि खेळातल्या खेळात 'थँक्यू' असं लिहिलं. ती तेव्हा शेजारच्या खोलीत होती.

रविवारी दोघं तिच्या बाबांकडे, डोंबिवलीला खाडीकडच्या गावात गेले. हे आधीच ठरलेलं होतं. भगवान म्हात्रे एकाहत्तर वर्षांचे, अंगात सदरा आणि खाली हाफपँट. बाराव्या वर्षापासून त्यांनी मिठागरात काम केलं होतं. आगर बंद पडलं तेव्हा ते बेचाळिसाचे होते. पुढची वर्षं त्यांनी एका गोदामात वॉचमनकी केली. लेकीचं मोबाइलमध्ये मिठागर आहे हे त्यांना ठाऊक होतं. एकदा तिने दाखवलंही होतं, तेव्हा 'बरं हाय' एवढं म्हणून ते बाजारात गेले होते.

जेवणं झाल्यावर प्राचीने मोबाइल त्यांच्या हातात दिला. "बाबा, तुम्हीच सांगा. आधी दोन मिनिटांत मीठ निघायचं. आता चाळीस मिनिटं लागतात आणि पावसात सगळं जातं. हे बरोबर आहे का?"

भगवानरावांनी चष्मा लावला आणि बराच वेळ वाफे बघितले.

"दोन मिंटांत?"

"हो."

"मंग ते मीठ नव्हतं. साखर असल."

विनीतला जरा धीर आला. त्याने खुर्ची पुढे ओढली.

"दिवाली झाली का बांध घालाला घ्याचं. होलीच्या आदी मीठ हाताला लागत नाय. आन पाऊस परला का गेलंच सगलं, त्यात कं खोटं हाय?" भगवानरावांनी मोबाइल लांब धरला. "पन पानी कुठून घेतस तू?"

"समुद्रातून. बादलीने."

"बादलीनं?" त्यांनी चष्मा काढून लेकीकडे बघितलं. "बादलीनं पानी आनून मीठ पिकवतस? उधान कुठं हाय यात? दार कुठं हाय? भरती आली का दार उघरून पानी घ्याचं. हे कोनी बनवलंय?"

"युरोपातल्या लोकांनी."

"त्यांना कोनी सांगितलं नाय?"

प्राचीने विनीतकडे न बघता सांगितलं, "सांगितलं ना. एकाने अकरा मुद्दे लिहून दिलेत. वाचू?"

"वाच."

विनीत म्हणाला, "राहू दे ना आता." पण ती वाचायला लागली होती. मुद्दा क्रमांक सहा: मीठ तयार करण्यासाठी खेळाडूला कोणतेही श्रम घ्यावे लागत नाहीत. मुद्दा क्रमांक नऊ: सदर मिठागराच्या बांधावर एक झोपडी आढळली, तिचा कोणताही उपयोग नसून, उत्पन्न जास्त झाल्याने खेळाडू निरुपयोगी बांधकामे करत असल्याचे यावरून दिसते.



"ह्यो कोन?" भगवानरावांनी विचारलं.

"लिफ्टवाला चौऐंशी," प्राची म्हणाली.

भगवानरावांनी जावयाकडे बघितलं. ते रागावले नव्हते. लिफ्ट बंद पडल्यावर लोक विनीतकडे जसं बघायचे, तसंच काहीसं त्यांचं बघणं होतं. "तुमी आगरात कवा उतरलात, जावय?"

"नाही उतरलो."

"मंग मेहनत लागत नाय हे कसं कललं?"

"खेळात लागत नाही, असं लिहिलंय मी. खऱ्याबद्दल नाही."

"हां." त्यांनी थोडा विचार केला. "खेलात लागत नाय हे खरं हाय. ते लागाला पायजे. लिवा."

विनीतने कागद मागितला. भगवानराव सांगत गेले, विनीत लिहीत गेला आणि प्राची मधेमधे दुरुस्त करत राहिली. उधाण, दार, बांध. मग ते वाफ्याच्या तळाशी आले. मीठ धरायच्या आधी तळाचा चिखल पायाने चोपून घट्ट करावा लागतो, नाहीतर मीठ काळं निघतं आणि पाणी जिरतं. याला इंग्रजीत काय म्हणायचं ते विनीतला सुचेना.

"स्टॅम्पिंग?" तो म्हणाला.

"ते पोस्टात," प्राची म्हणाली. गुरुवारपासून तिने त्याच्याशी बोललेलं हे पहिलं बिनकामाचं वाक्य होतं.

"बगा हिकरं," म्हणत भगवानराव उठले. सोफा आणि टीव्ही यांच्यामधल्या टाइल्सवर ते उभे राहिले आणि त्यांनी पाय टाकायला सुरुवात केली. टाच आधी, मग बोटं दाबून पुढे. पहिला पाय जिथे पडला त्याला खेटून दुसरा, मधे बोटभर जागा सुटू द्यायची नाही. एकाहत्तराव्या वर्षी ते सोफ्यापासून टीव्हीपर्यंत गेले, वळले आणि परत निघाले. विनीत त्यांच्या मागे उभा राहून करून बघायला लागला. त्याचे पाय वाकडेतिकडे पडत होते.

तेवढ्यात प्राची उठली आणि त्याच्या पुढे येऊन चालायला लागली. तिचे पाय बापासारखे पडत होते. टाच, बोटं, टाच, बोटं.

"तुला कसं येतं?" विनीतने विचारलं.

"सुट्टीत जायचो ना आम्ही. मी नऊ वर्षांची असताना आगर बंद झालं. शेवटच्या हंगामात मी आणि आई दोन वाफे करायचो." ती पाय टाकत राहिली. "बांधावर झोपडी होती. आई तिथे जेवण करायची. दुपारी बाहेर उभं राहवत नाही, मिठावर ऊन पडलं की डोळे जातात. खेळात घातलीय ती तीच झोपडी. दार पण त्याच बाजूला आहे."

तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि प्राचीने मिठागरात चिखल चोपला होता हे विनीतला आज कळत होतं. लग्नात कोणीतरी 'मुलीकडचे मिठागराचे' असं म्हणाल्याचं त्याला आठवलं. तेव्हा त्याने ते जागेबद्दल असावं असं समजून सोडून दिलं होतं. खेळात त्या झोपडीसमोरून तो शंभर वेळा तरी गेला असेल. अहवालात लिहिण्यासाठी त्याने तिची लांबी-रुंदीही मोजली होती.

"नऊ नंबरचा मुद्दा मी काढतो," तो म्हणाला.

"नको काढूस. छापून आलाय तो. त्याच्याखाली नवीन लिही."

नव्या अभिप्रायाचे चौदा मुद्दे झाले. घरी येऊन विनीतने ते इंग्रजीत केले, प्राचीने तपासले, तीन ठिकाणी बदलले. पायाने चोपण्याला इंग्रजी शब्द मिळाला नाही, म्हणून त्यांनी दोन वाक्यांत ते समजावून सांगितलं. खाली सही: भगवान म्हात्रे, वय एकाहत्तर, मिठागरातील अनुभव तीस हंगाम.

त्यावर मतं आली. फार लांब आहे. या माणसाची खेळातली पातळी कोणती? तीस हंगामांनंतर कोणीही जास्तच ताकदवान होणार, हे इतर खेळाडूंवर अन्यायकारक आहे. एकाने विचारलं होतं, काकांच्या सर्व्हरवर जागा आहे का. प्राचीने सगळी मतं बाबांना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "यातलं एक बी आगरात गेलेलं नाय."

नवव्या दिवशी स्टुडिओतल्या एका बाईचं उत्तर आलं. तिने तीनच प्रश्न विचारले होते: दार किती रुंद असतं, भरतीचं पाणी किती वेळ आत ठेवायचं, आणि मीठ काळं म्हणजे नेमकं किती काळं. भगवानरावांनी तिन्हींची उत्तरं दिली. तिसऱ्यासाठी त्यांनी शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या टायरचा फोटो पाठवायला लावला.

पुढचं अपडेट महिन्याभराने आलं. बादली गेली. मिठागराला दार आलं, दिवसातून दोनदा उधाण आलं, आणि वेळेवर पाणी घेतलं तर मीठ पंधरा मिनिटांत निघायला लागलं. पायाने चोपणं मात्र आलं नाही. खेळातल्या माणसांना गुडघ्याखाली वेगळे पाय नाहीत, ते हलवणं सध्या शक्य नाही, असं बाईंनी दिलगिरी व्यक्त करून कळवलं. भगवानरावांना हे पटलं नाही. "पायच नाय तर हे लोक चालतात कशे?" असं त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्नही कळवण्यात आला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

अभिप्राय विभागात चौदाशेच्या जागी दोन हजार मतं पडली. विनीतच्या भट्टीपुढची रांग ओसरली. एक भट्टी त्याने विझवली. त्याबद्दल त्याने कुठेही काही लिहिलं नाही.

अडचण अशी झाली की खेळातलं सकाळचं उधाण बरोबर सव्वाअकराला यायचं आणि त्या वेळी प्राची लॅबमध्ये हातमोजे घालून रक्ताचे नमुने तपासत असायची. तिला मोबाइलला हात लावता येत नव्हता. तिने दार उघडायचा हक्क विनीतला दिला. सोबत सूचना दिल्या: आधी दार अर्धं उघड, पाणी झोपडीच्या पायरीला लागलं की बंद कर, उशीर करू नकोस, आणि तिकडे उगाच मोजमाप घेत फिरू नकोस.

त्या मंगळवारी विनीत टेंभी नाक्याजवळच्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये होता. लिफ्ट बंद होती. सोसायटीच्या सेक्रेटरी नीरजा कर्णिक सहा मजले चढून वर आल्या, तर हा माणूस स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवून मोबाइलकडे टक लावून बसलेला.

"अहो, काय करताय?"

"पाणी घेतोय, मॅडम."

त्यांनी मशीनरूमच्या छताकडे बघितलं, मग जमिनीकडे. दोन्ही कोरडी होती. "लिफ्टमध्ये?"

"नाही, आगरात. बायकोच्या."

"आणि लिफ्ट कधी चालू होणार?"

विनीतने स्क्रीनवरून नजर काढली नाही. पाणी झोपडीच्या पायरीपासून वीतभर खाली होतं.

"दोन मिनिटं थांबा," तो म्हणाला. "भरती पूर्ण होऊ दे."

नीरजाबाई दम घ्यायला तिथल्याच एका उलट्या डब्यावर बसल्या.