पाटीवरचे ‘अँड सन्स’

मी दुकानावरची पाटी बोलतेय. पत्र्याची आहे, वयाने बरीच आहे, आणि आयुष्यभर एका जागी लटकून मी जे ऐकलं ते सांगतेय.

मला रंगवलं तेव्हा मिस्त्री पंचविशीत होते. पंपांच्या जळलेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचं छोटं दुकान त्यांनी नुकतंच थाटलं होतं. पेंटरने वर त्यांचं आडनाव काढलं, खाली ‘मोटर रिवाइंडिंग’ लिहिलं आणि विचारलं, “अजून काही?”

“अँड सन्स टाक.”

“किती मुलगे आहेत?”

“लग्न व्हायचंय अजून.”

पेंटरने मान डोलावली आणि टाकलं. त्याला काय, सांगेल ते रंगवायचं.

पहिली मुलगी झाली. मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, “घाई नाही.” काही वर्षांनी चिरंजीव जन्माला आले, त्या दिवशी मला ओल्या फडक्याने पुसून लख्ख केलं. मलाही हायसं वाटलं. इतकी वर्षं धडधडीत खोटं घेऊन रस्त्याकडे तोंड करून राहणं सोपं नसतं.

थोरली सुट्टीच्या दिवशी वडिलांचा डबा घेऊन यायची आणि तिथेच रमायची. आधी जळकी तार ओढून काढायला शिकली, मग नवी तार मोटरच्या खाचांत बसवायला. पुढे पुढे ती अख्खी मोटर एकटी भरू लागली. तिने भरलेली मोटर तक्रार घेऊन परत यायची नाही.

तक्रार तिच्याबद्दलच आली. “पोरीच्या हातात माझा पंप?” म्हणत एक गिऱ्हाईक पंप उचलून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी दुकानात मधोमध पडदा लावला. पडद्याआड थोरली, पडद्यापुढे चिरंजीव. कुणी आलं की मिस्त्री म्हणायचे, “ठेवून जा, मुलगा करून देईल.”

काम झालं की लोक खूश. “पोराच्या हाताला गुण आहे हो.” चिरंजीव मोबाइलमधून मान वर न काढता “थँक यू” म्हणायचे. पडद्यामागची हातोडी तेवढ्यापुरती थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची.

मग मिस्त्रींच्या कमरेने दगा दिला. थोरली म्हणाली, “बाबा, दुकान मी चालवते. पडदा काढू. गिऱ्हाइकांना एकदा सांगा तरी, की मी करते.”

मिस्त्री तिला घेऊन बाहेर आले आणि माझ्याकडे बोट केलं. “पाटी बघ. हे तुझ्या जन्माच्या आधीच ठरलंय.”

मला कुणी काही विचारलं नव्हतं, पण साक्ष माझीच काढली. मला फार लाज वाटली. पत्र्याला लाज वाटली तर तो फक्त गंजतो, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

थोरलीने हत्यारं पिशवीत भरली आणि ती निघून गेली. चिरंजीवांनी भरलेली पहिली मोटर सुरू झाली आणि धूर सोडून बंद पडली. दुसरी सुरूच झाली नाही, हे त्या मानाने बरं. मग दुकानात मोबाइलची कव्हरं लटकली, वर दिव्यांचा बोर्ड चढला आणि मी गटाराशेजारी भिंतीला टेकले.

तिथून मला थोरलीने उचललं. मागच्याच गल्लीत तिने एक शेड भाड्याने घेतली होती. मला उलटं करून पाठीवर तिने स्वतः लिहिलं, ‘मोटर रिवाइंडिंग’. बस, एवढंच. अक्षर काही खास नाही, शेवटी जरा खाली घसरलंय.

“कुणी आहे का?” लोक विचारायचे.

“मी आहे.”

“तसं नाही. मोटर भरणारं कुणी?”

“मीच आहे.”

काही जण परत जायचे. ज्यांच्या घरात पाण्याचा थेंब नसायचा, ते थांबायचे.

गेल्या आठवड्यात मिस्त्री काठी टेकत आले. थोरलीने दारात स्टूल ठेवलं, चहा दिला आणि ती आत कामाला लागली. तेवढ्यात एक जुनं गिऱ्हाईक पंप घेऊन आलं.

“मिस्त्री, इकडे हलवलंत होय? मुलगा आहे ना आत? मला त्याच्याच हातचं काम पाहिजे. मागे भरलेला पंप अजून चालतोय.”

आतली हातोडी थांबली.

मिस्त्रींनी सवयीने वर माझ्याकडे पाहिलं. या खेपेला त्यांच्या मदतीला येईल असं माझ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

“मुलगा नाही,” ते म्हणाले. “मुलगी आहे. तो पंपही तिनेच भरला होता. सगळे तिनेच भरले.”

गिऱ्हाईक जरा घुटमळलं. “मग ठेवू का?”

“मला काय विचारता? तिला विचारा.”

थोरली बाहेर आली. “उद्या संध्याकाळी न्या,” म्हणाली आणि पंप दोन्ही हातांनी उचलून आत गेली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

आता माझं ‘अँड सन्स’ भिंतीकडे आहे. तिथे एक पाल राहते, तिची काही हरकत नाही. तुम्हाला मात्र एक विनंती. पाटी रंगवायची घाई करू नका. आधी घरात कोण येतंय, काम कोण करतंय, ते बघा. पेंटर काय, सांगाल ते टाकतो.