नदीने नेलेला चष्मा

मन चिंती ते वैरी न चिंती, अशी तिची गत. परदेशातल्या या सहलीसाठी तिने लेकीची तापाची तीन औषधं, दोन थर्मामीटर, उलटीच्या पिशव्या, एवढंच काय, विंचवावरचं मलमही भरलं होतं. नवऱ्याचा जास्तीचा चष्मा मात्र घरी टेबलाच्या खणातच राहिला. आणि नाकावरचा एकुलता एक आत्ताच, तिच्या डोळ्यांदेखत, नदीने नेला.

लेकीच्या जॅकेटची टोपी मुठीत धरून ती काठावर उभी होती. रबरी होडी उसळली, पाण्याचा सपकारा बसला, आणि नवरा किनाऱ्यावर आला तो चाचपडतच.

"अगं, मी धडधाकट आहे, घाबरू नकोस."

"ती दुसरीच बाई आहे. मी इकडे."

होडीवाला पोट धरून हसला. मग म्हणाला, चष्म्याशिवाय गाडी घेऊन घाट कसा उतरणार? इथे लाकडी खोली आहे, राहा. सकाळी मी खाली सोडतो.

"राहू या की," नवरा म्हणाला. "उगाच जिवाला घोर नको."

ती हो म्हणणारच होती. लेक झाल्यापासून तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मागे लेक बसलेली असताना आपल्या हातून काही झालं तर? तेवढ्या एका विचारापायी चावी कायमची नवऱ्याच्या खिशात गेली होती.

आणि याच घाटात, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, गाडी तिनेच हाकली होती. काचा खाली, केस तोंडावर. घरच्या गाडीत सिग्नलची दांडी ज्या बाजूला, तिथे इथे वायपरची. त्यामुळे दर वळणाला कोरड्या काचेवर वायपर खरखरायचे आणि नवरा ओरडायचा, "पाऊस आला, पाऊस आला!" तेव्हा होडीतही सगळ्यात पुढे तीच बसली होती. ती मुलगी कुठल्या वळणावर उतरून गेली, कोण जाणे.

"आई, आता गाडी कोण चालवणार?" भिंगरीने विचारलं. दिवसभर गरगर फिरते म्हणून लेकीचं हेच नाव पडलं होतं.

"उद्या होडीवाले काका सोडतील."

"तुला नाही येत?"

"तिला?" नवरा अंग पुसता पुसता म्हणाला. "तुझ्या आईने याच घाटात मला देव आठवायला लावले होते. विमा उतरवलाय की नाही, तेच आठवत बसलो होतो मी!"

"खोटं!" भिंगरी खिदळली. "आईला तर झोपाळ्याचीपण भीती वाटते."

लेक सहज बोलून गेली. आईच्या मात्र काळजात कुठेतरी खुपलं. या पोरीने आपल्याला 'सावकाश गं', 'पडशील गं' म्हणतानाच पाहिलंय.

"चावी दे," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, उजेड उतरायला आलाय…"

"घाट संपेपर्यंत पुरेल. दे."

लेकीचा पट्टा तिने दोनदा ओढून पाहिला, मग तिसऱ्यांदा. पहिल्या वळणावर हात इतके घामेजले, की एकेक करून कुर्त्याला पुसावे लागले. दुसऱ्यावर मागून ट्रक आला. तिने गाडी कडेला घेऊन त्याला जाऊ दिलं. तिसऱ्यानंतर खांदे कानांपासून जरा खाली आले. पुढे डावीकडे दरी उघडली आणि पार तळाशी तळं दिसलं, मावळत्या उन्हात पितळी परातीसारखं.

"आई, तळं बघ!"

"तू बघ. मी रस्ता बघते," ती म्हणाली, आणि चोरून एकदा बघितलंच.

"मला कोणी सांगेल का काय दिसतंय?" नवऱ्याने विचारलं. "मला सगळी खीर दिसतेय."

ती सांगत राहिली. ढगांच्या सावल्या, उतारावरची मेंढरं, मागच्या खेपेला एकटं उभं असलेलं आणि आता बाजूला चार पोरं वाढवलेलं देवदाराचं झाड. मागून भिंगरी तिच्या चुका काढत होती: मेंढरं नाहीत गं, दगड आहेत.

बऱ्याच वेळाने नवरा म्हणाला, "गाडी सरळ चाललीय. संपला का घाट?"

समोर सपाट रस्ता लांबवर दिसायला लागला होता.

"नाही अजून," ती म्हणाली, आणि तिने वेग थोडा कमी केला.